कांगड्याला नेलेलं कुलूप

हिमालयातल्या कांगडा जिल्ह्यात काय बघण्यासारखं आहे, असं ऑफिसातलं कोणी ना कोणी मला अजून विचारतं. मी तिथे पाच दिवस काढलेत, म्हणून मी सांगतो. ज्वालामुखीच्या देवळात दगडाच्या फटीतून निघणाऱ्या निळ्या ज्योती सांगतो. बैजनाथचं जुनं शिवमंदिर, पालमपूरचे चहाचे मळे, ढग हटले तरच दिसणारी धौलाधारची रांग, हेही सांगतो. कांगड्याच्या किल्ल्याबद्दल विचारलं की म्हणतो, "पाऊस होता, नीट बघता आला नाही." पाऊस होता हे खरंच आहे. पण मी त्या दिवशी किल्ल्यावर जाण्याआधी काय करून गेलो होतो, ते मी ऑफिसात सांगत नाही. बायकोला माहीत आहे. आईला माहीत नव्हतं असं मी बराच काळ धरून चाललो.

माझं गाव शिंगणापूर. आमच्या गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. दुपारी कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी टेकवायची, बाईमाणूस न्हायला बसलं तर पडदा ओढायचा, एवढंच. घरात कुलूप आणणं म्हणजे शनिदेवाच्या राखणीवर विश्वास नसल्याचं सांगणं. माझी आई त्याच गावची लेक आणि त्याच गावची सून. सत्तर वर्षांत तिने कडी लावली नाही की काढली नाही.

मी मात्र पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी नगरला आलो. सावेडीत फ्लॅट घेतला. दाराला लॅच, आतून साखळी, बाहेरून लोखंडी जाळीचं आणखी एक दार. आई चार दिवस राहायला आली की पहिलं काम करायची ते म्हणजे दाराच्या फटीत स्वतःची चप्पल अडकवायची.

"अगं आई, लॅच आहे, लागू दे की."

"दार लावून बसलं की घरात कुनी मेल्यावानी वाटतं बाबा."

बायको हसायची, आणि आई झोपली की हळूच चप्पल काढून दार लावायची.

कांगड्याला जायचं आईच्या मनात आलं ते एका कीर्तनामुळे. तेलावाचून जळणाऱ्या ज्वालामुखीच्या ज्योतीची गोष्ट तिने ऐकली होती. दर शनिवारी देवाला तेलाची वाटी पाठवणाऱ्या बाईला बिनतेलाची ज्योत बघायची होती. बाकी तिला काही नको होतं. बाकीचं सगळं मला हवं होतं.

मी पंचवीस वर्षं नगरचा भुईकोट किल्ला बघत आलेला माणूस. सपाट जमिनीवरचा, भोवती खंदक असलेला किल्ला. दोन नद्यांच्या मधल्या कड्यावर उभ्या असलेल्या कांगड्याच्या किल्ल्याचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि तो डोक्यातून जाईना. त्या गावाचं जुनं नाव नगरकोट, हे वाचून तर मला तो आपलाच वाटायला लागला. श्रावणात सुट्ट्या जोडून आल्या होत्या. मी एक यादी केली, कागदावर छापून घेतली. देवळं, किल्ला, बघायच्या जागा, सगळं मिळून चौदा ठिकाणं, पाच दिवस. प्रत्येक ठिकाणापुढे बरोबरची खूण करायला चौकोन. प्रवासाच्या आदल्या दिवशी कापड बाजारात जाऊन सात लिव्हरचं पितळी कुलूप घेतलं. परमुलखात लॉजच्या कुलपावर भरवसा ठेवू नये, असं मला वाटलं. शिंगणापुरात जन्मलेल्या माणसाला असं वाटलं.

नगरच्या स्टेशनवर जम्मूची गाडी धरून आम्ही तिघं पठाणकोटला उतरलो आणि तिथून टॅक्सी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत, मिशा पिकलेल्या. आईने त्याला पहिल्याच तासात शेंगदाण्याचे दोन लाडू दिले. त्याने गाडी थांबवून, हात धुवून खाल्ले. तेव्हापासून तो तिला माताजी म्हणायला लागला आणि ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायला लागली.

पहिल्याच दिवशी ज्वालामुखीचं दर्शन झालं. आई त्या छोट्याशा निळ्या ज्योतीपुढे हात जोडून बराच वेळ उभी होती. मागची रांग ढकलत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "झालं माजं. आता घरी नेलं तरी चालंल."

मी यादीवर खूण केली आणि म्हणालो, "अजून तेरा आहेत."

आम्ही राहायला होतो चामुंडादेवीच्या देवळापासून पाचेक किलोमीटर वर, डोंगराच्या उतारावरच्या एका खेड्यात. घरमालक नवरा-बायको वरच्या घरात राहायचे. आमची खोली खाली, अंगणाच्या कडेला सुटी होती. दगडी भिंती, दगडी पाट्यांचं छप्पर, जाड फळ्यांचं दार आणि दाराशेजारी गज लावलेली एक खिडकी. संडास-बाथरूम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. ही गोष्ट मी आत्ता लिहितोय, हवी त्या वेळी ती माझ्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेलेली, मी गाडीपाशी ड्रायव्हरला यादी दाखवत होतो. आई खोलीत होती आणि दार अर्थातच सताड उघडं. एक माकड आत शिरलं आणि लाडवांची पिशवी आणि माझा चष्मा घेऊन छपरावर जाऊन बसलं. लाडू त्याने खाल्ले. चष्मा फेकला. ड्रायव्हरने उतारावरून तो शोधून आणला, एका काचेला तडा गेलेला.

"आई, दार लावून घ्यायचं असतं इथं," बायको म्हणाली.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "चष्मा घालून बसलं आसतं ना ते, तर आगदी ह्याच्यावानी दिसलं आसतं."

ड्रायव्हरला शब्द कळले नाहीत, पण तोही हसला. मी हसलो नाही.

तिसऱ्या दिवशी मसरूरची कोरीव देवळं होती. सात वाजता निघायचं ठरलं होतं. मी तोंड धुवून आलो तर खोलीत आई नाही. दार उघडं. अंगणात नाही, संडासाकडे नाही, वरच्या घरात नाही. आम्ही तासभर ओरडत फिरलो. शेवटी ती सापडली खालच्या एका घराच्या ओट्यावर. दोन बायकांबरोबर बसून मक्याची कणसं सोलत होती. एक तिच्याच वयाची, एक तिशी-पस्तिशीची. तिघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि गप्पा रंगात आलेल्या.

मी त्या बायकांसमोर आईवर ओरडलो. "आम्ही इथं फिरायला आलोय का तुला हुडकायला? काही कळतं का तुला?"

ती हातातलं कणीस खाली ठेवून उठली. वर चढताना म्हणाली, "दार उगडं दिसलं म्हंजी मानूस जवळच हाय. एवडं कळाय नगं?"

आमच्या गावात हे खरं आहे. फळी टेकवलेली असली तर माणूस शेतात, चौकट मोकळी असली तर माणूस हाकेच्या अंतरावर. मी ते लहानपणापासून जाणतो. तरी मी म्हणालो, "हे तुझं गाव नाही."

मसरूर राहून गेलं. त्या चौकोनात मी फुली मारली. एवढं मला आजही आठवतं, की ती फुली मी पेन दाबून मारली.

चौथा दिवस शनिवार. आईचा उपास. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि सकाळी जरा उघडला होता. घरमालक नवरा-बायको लेकीकडे जायला पहाटेच निघून गेले होते. जाताना सांगून गेले, वरच्या अंगाला माती ओली आहे, पाऊस वाढला तर खाली देवळाकडे जा. आईचा उजवा गुडघा सुजला होता.

"आज मी न्हाई येत. लई ठनकतोय. मी हितंच दारात बसते, तुमी जा."

खरं तर तिने परवानगी दिली होती. मी सरळ म्हणायला हवं होतं की आम्ही किल्ला बघायला चाललोय, दुपारी येऊ. पण आजारी आईला टाकून किल्ला बघायला जाणं मला स्वतःच्या तोंडाने बोलवेना. मी म्हणालो, "खाली जाऊन गुडघ्याचं औषध घेऊन येतो. तासाभरात येतो."

"मग जा. मी दारात बसते."

"दारात नको. माकडं येतात. आत पड."

ती खाटेवर आडवी झाली. बायको आधीच गाडीत जाऊन बसली होती. मी दार ओढून घेतलं. आदल्या दिवशीचा तास माझ्या डोक्यात होता. परत आल्यावर पुन्हा हिला गावभर हुडकायचं का, असा विचार आला आणि मी खिशातून कुलूप काढलं. कडी अगदी सावकाश सरकवली. कुलपाचा दांडा कोयंड्यातून घालून दाबताना तो तळहातात मुठीने झाकून धरला, आवाज होऊ नये म्हणून. हे मी रागात केलं नाही. शांतपणे, जपून केलं. त्याच गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "आईंना एकटीला कसं ठेवायचं?"

"तिनेच सांगितलं, किल्ला बघून या म्हणून. झोपलीय ती. दार ओढून घेतलंय."

किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. आभाळ पुन्हा खाली आलेलं. ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. आम्ही तिकिटं काढून आत शिरलो. तो किल्ला म्हणजे एकामागे एक दरवाजे आहेत. पहिला दरवाजा ओलांडला की छोटं अंगण, मग चढण आणि मग अहानी दरवाजा, अमीरी दरवाजा. प्रत्येकाशी पाटी आणि प्रत्येक पाटीवर तो कोणी बांधला ते लिहिलेलं. मी मोठ्याने वाचून बायकोला सांगत होतो. खाली दोन्ही बाजूंना नदीचं गढूळ पाणी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या भूकंपाने ढासळलेले दगड अजून तिथेच पडलेले. मी फोटो काढले. मला आनंद होत होता, हे खोटं कशाला सांगू.

जहांगिरी दरवाज्याच्या पुढे पावसाने एकदम धरलं. आम्ही पळत अंधेरी दरवाज्याच्या बोळात शिरलो. दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच जागा. पाणी पायांखालून वाहायला लागलं. बायको पर्स पोटाशी धरून उभी होती. तिने आईचा फोन बाहेर काढला.

"आईंचा फोन माझ्याकडेच राहिला चार्जिंगला. आता त्यांना कळवायचं कसं? दारात बसल्या असतील हो त्या, भिजतील."

"दारात नाही बसणार."

"तुम्हाला माहीत नाही का त्यांचं? आत बस म्हटलं की आधी दारात येऊन बसतात."

ती माझ्याकडे बघायला लागली. बोळात फारसा उजेड नव्हता, तरी तिने माझं तोंड वाचलं असावं.

"काय केलंत?"

"माकडं येतात म्हणून जरा कुलूप लावलंय."

"बाहेरून?"

मी मान हलवली.

तिने फोन पर्समध्ये टाकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, संडास बाहेर आहे."

दहा वाजल्यापासून आता बारा. सत्तर वर्षांची बाई, उपाशी, दुखऱ्या गुडघ्याची. आणि तासाभराचं सांगून आलेलो मी. समोर पंधरा-वीस पायऱ्यांवर शेवटचा दर्शनी दरवाजा दिसत होता. त्याच्या आत देवीचं देऊळ होतं. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

पाच दरवाजे पुन्हा ओलांडले, या वेळी उतरत. मी घसरून एकदा पडलो. गाडीत बसताच ड्रायव्हरला म्हणालो, जल्दी चलो. त्याने विचारलं, काय झालं. मला हिंदीत सांगता येईना. बायकोने सांगितलं. एका वाक्यात, माझ्याकडे न बघता. त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली.

घरमालकाचा फोन लागत नव्हता. मी तीस-चाळीस वेळा लावला असेल. चामुंडेच्या देवळापर्यंत पोचायला एरवी तास लागतो, त्या दिवशी दीड तास लागला. देवळाच्या पुढे पोलिसाने हात आडवा केला. वरच्या रस्त्यावर दरड आली होती. गाड्या जाणार नव्हत्या.

वरून काही लोक चालत येत होते, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेले. ड्रायव्हरने त्यांना त्यांच्या बोलीत काही विचारलं. एकाने हात वर करून दाखवला. ड्रायव्हर माझ्याकडे वळला.

"बाबूजी, गाँव के पीछे मिट्टी खिसक रही है. सबको स्कूल में ले गये हैं."

"सबको?"

त्याने पुन्हा त्या माणसाला विचारलं. तो माणूस थांबला. त्याने माझ्याकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि काहीतरी सांगितलं.

"कहता है, नीचे के एक कमरे में बाहर की बूढ़ी औरत है. ताला लगा है. चाबी किसी के पास नहीं."

चावी माझ्या पँटच्या खिशात होती. मी ती हातात घेतली आणि पळायला लागलो. बायको मागे. ड्रायव्हरने गाडी तिथेच रस्त्याच्या कडेला लावली आणि तोही निघाला. मी म्हणालो, तुम्ही थांबा. तो म्हणाला, "लड्डू खाया है उनका."

पाच किलोमीटर चढ. दीड किलोमीटरवर बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला काढून फेकल्या आणि चालत राहिली. दरडीच्या जागी रस्ता दिसतच नव्हता. लाल चिखल, त्यात उपटलेली झाडं, आणि वरून अजून खडे येत होते. गावचे चार-पाच जण दोर धरून माणसं पलीकडे घेत होते. त्यांनी आधी वर जाऊ द्यायला नकार दिला. मी चावी दाखवली. फक्त चावी पुढे केली. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. गुडघ्याएवढ्या चिखलातून जाताना मला एकच भीती होती, की चावी हातातून सुटेल. मी ती दातांत धरली.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अंगणात आडवी भेग पडली होती, पाऊल जाईल एवढी. आमच्या खोलीच्या मागे डोंगराची माती सरकून भिंतीला टेकलेली, छपराच्या निम्म्यापर्यंत. गाव रिकामं होतं. फक्त त्या दोघी होत्या, कणसं सोलणाऱ्या. तरुण बाई कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने कोयंड्यावर घाव घालत होती. जाड फळ्या आणि जुनं लोखंड, काही हलत नव्हतं. कुलपावर नुसते ओरखडे उठले होते. म्हातारी खिडकीशी उभी होती, डोक्यावर पोतं घेऊन. खिडकीच्या गजातून आईचा हात बाहेर आलेला होता आणि तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

मला बघून तरुण बाई बाजूला झाली. तिने माझ्या हातातली चावी पाहिली. चिखलाने भरलेल्या हाताने चावी भोकात जाईना. ड्रायव्हरने माझं मनगट धरून स्थिर केलं, तेव्हा कुलूप उघडलं.

आत घोट्याएवढं पाणी. आई खिडकीशी उभी होती, लुगडं पायाशी भिजलेलं. कोपऱ्यात बादली होती, तिच्यावर तिने आपली शाल घालून ठेवली होती. बायकोने ती बघितली आणि तिला रडू फुटलं. आईने खिडकीतला हात आत घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"आवशद मिळालं का?"

मी म्हणालो, "दुकान बंद होतं."

पाच किलोमीटर मी स्वतःला सांगत आलो होतो, की ती जिवंत दिसली तर पाय धरीन, सगळं सांगीन. आणि तोंडातून हे निघालं.

तरुण बाईने कुऱ्हाड टेकवून विचारलं, "ताला किसने लगाया था?" मला वाटतं तिला उत्तर माहीत होतं, पण तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मी बोलायच्या आधी आई म्हणाली, "दार फुगलं हुतं बाई पावसानं. आडकलं हुतं." तिने ते मराठीतच सांगितलं, दाराच्या फळीवर हात मारून. उघडं कुलूप माझ्या हातात होतं. त्या दोघींनी ते पाहिलं. मग म्हातारीने आईचा दंड धरला आणि आम्ही सगळे शाळेकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान काढायला गेलो, तर मागची भिंत आत आली होती. खाट दगडांखाली होती.

घरी आल्यावर मावंदं घालायचंच होतं. यात्रा करून सुखरूप आलं की आमच्याकडे भाऊबंदांना, शेजाऱ्यांना जेवू घालतात. शिंगणापुरात आमच्या घरासमोर मांडव पडला, पुरणाचा स्वयंपाक झाला. आई ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि सगळ्या तिच्याभोवती. तिने ज्योत सांगितली. माकडाचं सांगून हसवलं. मग दरडीचं निघालं.

"दार फुगलं बाई पावसानं. मी आत, कुनी न्हाई जवळ. ह्यो पळत आला बगा, चिखलातनं. दार हानलं आन मला काडलं."

"वाचलीस गं बाई. पोरगं देवासारकं उबं ऱ्हायलं," एक चुलती म्हणाली.

दुसरीने टोमणा मारला, "म्हनून म्हनते, दारंच नगंत. फुगायचा सवाल न्हाई."

सगळे हसले. मी पंक्तीत वाढत होतो. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. बायको तुपाची वाटी घेऊन माझ्या पुढे होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या पानावर भात वाढला.

त्यानंतर आई नगरला आली ती दिवाळीनंतर. बायको भाजी आणायला बाहेर पडली होती. मी ऑफिसला निघालो. पायात बूट घालतोय तोवर आईही उठली, चप्पल घातली आणि माझ्यामागे दाराबाहेर आली.

"तू कुठे निघालीस?"

"कुटं न्हाई. हितं बसते जिन्यात. ती येईल तवर."

मला वाटलं, उकडत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको घरात असली की ती आत असायची. आम्ही दोघं बाहेर निघालो की आमच्याबरोबर बाहेर. वरच्या मजल्यावरची माणसं तिच्याशेजारून चढायची-उतरायची. दाराच्या फटीत चप्पल अडकवणं तिने बंद केलं होतं. आठवडाभराने बायको मला म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे. तुम्ही सांगून टाका."

आई गावी परतली आणि मी शनिवारची वाट पाहिली. का ते माहीत नाही. ते कुलूप कपाटाच्या वर होतं, ओरखड्यांसकट. ते खिशात घालून मोटारसायकलवर गावी गेलो. आई गव्हातले खडे काढत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, कांगड्याला दार फुगलं नव्हतं. मी कुलूप लावलं होतं. औषधाला नाही, मी किल्ला बघायला गेलो होतो."

तिचे हात सुपात चालूच होते.

"ठावं हाय मला. कडीचा आवाज झाला न्हाई. पर दाराखालच्या फटीतनं तुजी पावलं दिसत हुती. मानूस दार ओडून घेतो तर लगीच जातो. तू लई वेळ उबा हुतास."

"मग तेव्हाच हाक का नाही मारलीस?"

"वाटलं, काडशील."

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. थोड्या वेळाने विचारलं, "मग सगळ्यांना असं का सांगितलंस?"

"काय सांगू? शिंगनापूरच्या पोरानं आईला कुलपात घातलं म्हनून?" तिने एक खडा बाहेर टाकला. "किल्ला तरी बगितला का सगळा?"

"नाही. शेवटचा दरवाजा राहिला."

"म्हंजी त्ये बी न्हाई."

मी खिशातून कुलूप काढून तिच्यापुढे ठेवलं. तेव्हा मात्र ती भडकली. इतका वेळ शांत असलेली आई एकदम ताडकन उठली. "आरं हे गावात आनलंस? घरात आनलंस? शनवारचं? उचल आदी. शिवेच्या भाईर टाकून ये जा. तवर पान वाडनार न्हाई तुला."

मी चालत शिवेपर्यंत गेलो. उन्हात मैलभर. ओढ्याच्या पलीकडे बाभळीखाली कुलूप टाकलं, चावी दुसरीकडे टाकली, आणि परत आलो. लांबूनच चौकटीतून आत मांडलेलं ताट दिसत होतं, आणि शेजारी पाट. तिचा उपास होता, तरी ती माझ्यापुढे बसून राहिली. भाकरी वाढली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर ते संपेल. गेल्या महिन्यात ती नगरला आली होती. बायको माहेरी गेलेली. मी ऑफिसला निघालो, म्हणालो, "आई, मी लॅच लावत नाही, दार उघडंच ठेवतो."

"ठेव की," ती म्हणाली आणि उठून चप्पल शोधायला लागली. मी ती दाराआडून काढून तिच्या पायाशी ठेवली. मग आम्ही दोघं बाहेर आलो. मी तिच्यासाठी घरातली खुर्ची जिन्यात आणून मांडली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि खाली उतरलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाराला परत आलो, तेव्हा ती तिथेच बसलेली होती.